सुजल्या गुडघ्याला तेल नाही

सरजाच्या आप्पांस,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. भटजी उठता उठता म्हणाले, "गेलेल्या माणसाला काही सांगायचं राहिलं असेल तर मनात सांगा, बाई, पोचतं." माझ्या मनात एवढं साचलंय की मनातल्या मनात सांगत बसले तर घरात चूल पेटायची नाही. म्हणून नातीकडनं कागद मागून घेतले आणि ओसरीवर येऊन बसले.

पानाला कावळा लगेच शिवला. पान ठेवायचा अवकाश. सगळे म्हणाले, आप्पांची काही इच्छा राहिली नव्हती. मी म्हटलं, त्यांची कधीच राहिली नाही, आमच्या राहिल्या.

लिहायला तुम्हीच शिकवलंत, ते विसरले नाही. मायेनं नव्हे, गरजेनं. औषधाच्या पुड्यांची अदलाबदल व्हायची आणि तुम्ही माझ्यावर खेकसायचात, म्हणून पुड्यांवर नावं घालण्यापुरती अक्षरं गिरवून घेतलीत. लोकांची पोरं श्रीगणेशा लिहून सुरुवात करतात. मी सुंठ लिहून केली. मग ओवा, मग रास्ना. निर्गुंडी लिहिताना माझी बोटं मोडली. आपण सगळे ज्याला निगडीचा पाला म्हणतो त्याला एवढं मोठं नाव कशाला, ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. काय लिहिलंय तेवढं वाचा.

इंदू बाळंत झाली. तुमच्या शंकरला मुलीच्या पाठीवर मुलगा झाला. नाक थेट तुमचं आहे, त्याला त्या पोराचा इलाज नाही. बारसं झालं, बायका जेवून गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी इंदू म्हणाली, "आत्याबाई, बोटं वळत न्हाईत." बघितलं तर बोटं सुजलेली. मग मनगटं धरली, मग घोटे. आज उजवा तर उद्या डावा. गुडघ्यावर हात ठेवला तर चटका बसावा इतका ऊन. अंगात कणकण, जिभेवर पांढरा थर, अन्न समोर आलं की तोंड फिरवायची. पोराला पदराखाली घेताना तिच्या डोळ्यांतनं पाणी यायचं.

हे कुठं बघितल्यासारखं वाटतं का, आप्पा? वाटायला पाहिजे.

शंकर पिंपरीच्या औषधाच्या कंपनीतनं सायकलवर घरी आला, बायकोला बघितलं, आणि हातपाय न धुता फडताळाकडं गेला. तुमच्या हातची शेवटची बरणी तिथं होती. "आप्पांचं तेल हाय की घरात," म्हणाला, "रडतीस कशाला?" मी त्याच्या आधी फडताळापाशी पोचले. माझे गुडघे असे दुखरे असले तरी. कुलूप घातलं आणि चावी कनवटीला लावली.

पोरगं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. तुम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं, मग ते बघत राहील नाहीतर काय करील?

तुमच्या तेलाला मी नावं ठेवत नाही. ते तुमच्याइतकंच माझंही आहे. इंद्रायणीच्या काठचा पाला मी तोडायचा, मी कुटायचा, मी पिळायचा. तिळाच्या तेलात तो रस घालून दिवसभर मंद आचेवर आटवायचा, आणि आच मंद ठेवायला धूर खायचा तो मीच. तुम्ही शेवटाला यायचात. तेलात कापसाची वात बुडवून विस्तवावर धरायचात. तडतडली तर आत पाणी आहे, गुमान जळली तर तेल झालं. वात गुमान जळली की अशी मान डोलवायचात, जसं दिवसभर ढवळलंत तुम्हीच.

पण तेल खरं. म्हातारपणी वात वाढतो, सांध्यातलं वंगण आटतं, उठता-बसता गुडघे कटकट वाजतात, तिथं ते तेल कोमट करून चोळावं आणि वरनं निगडीच्याच पाल्यानं शेकावं. माणूस उठून चालतो. माझेच गुडघे साक्षीला आहेत. भोसरीपासून चाकणपर्यंतची म्हातारी माणसं उगाच आपल्या मोशीला येत नव्हती. कुणी पाटीभर कांदे आणायचा, तुम्ही ते तसेच परत पाठवायचात. आम्ही कांदे विकत आणायचो.

कारण तुमचा नेम. तुमच्या आजोबांना तेलाची कृती देणाऱ्या बैराग्यानं दोन अटी घातल्या होत्या म्हणे. बदल्यात काही घ्यायचं नाही, आणि दाराशी आलेल्याला तेल नाकारायचं नाही. पहिली अट मला समजते. दुसरीचा विचार कुणी केला होता? बैराग्याचं काय, तो सकाळी झोळी उचलून पुढच्या गावाला गेला. अट पाळायला आपण राहिलो.

सरजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तुम्ही सगळ्या आळीत सांगत फिरलात, माझी वाघीण आली म्हणून. मुलगा झाला. रोज तेल-पाणी, शेगडी, डिंकाचे लाडू, भातावर तुपाची धार, सगळं रीतीप्रमाणं. आणि मग तिचे सांधे धरले. आता इंदूचे धरलेत, अगदी तसेच. सूज, चटका, ताप, जिभेवर थर.

बाळंतिणीला बापानं हात लावायची आपल्यात रीत नाही. तुम्ही ती मोडलीत. सकाळ-संध्याकाळ स्वतः बसून तिचे घोटे आणि गुडघे चोळलेत. ती ओरडायची, आणि तुम्ही म्हणायचात, "वात सुटतोय. वरडू दे तिला." वात सुटत नव्हता. पोरगी सुटत होती आमच्या हातनं.

त्याच दिवसांत चिंचवडचे वैद्यबुवा आले होते, आठवतात? तुमचं नाव ऐकून आपणहून आले होते, तेल कसं करता ते बघायला. कढई बघितली, पाला बघितला, बोटावर तेल घेऊन हुंगलं, "फार सुरेख" म्हणाले. तुमची छाती फुगली. मग आतनं सरजाचा आवाज आला, म्हणून ते आत आले. तिची जीभ बघितली, गुडघ्यावर नुसता तळवा ठेवला.

"हे तेल हिला लावता?"

"दोन्ही वेळा."

"थांबवा. हा नुसता वात नाही, आमवात आहे. हिला भूक नाही, खाल्लेलं पचत नाही, त्याचा चिकट आम होतो आणि वात तो सांध्यांत नेऊन टाकतो. म्हणून सूज, म्हणून ऊन लागतंय. आता वरनं तेल म्हणजे चिखलात आणखी पाणी. आधी पोट हलकं ठेवा. सुंठीचं पाणी द्या. तापवलेल्या वाळूची पुरचुंडी करून कोरडा शेक द्या. सूज उतरू दे, भूक लागू दे. मग तुमचं तेल आहेच की."

तुम्ही म्हणालात, "आमच्या दाराशी तेल नाकारत न्हाईत, बुवा."

ते म्हणाले, "दाराशी आलेल्याला ना? ही तर घरातली आहे."

तुम्ही हसलात, त्यांना गूळपाणी दिलंत, वेशीपर्यंत पोचवून आलात. परत आल्यावर मी म्हटलं, "चार दिवस थांबवून तर बघा." त्यावर जे बोललात ते माझ्या कानात अजून आहे. "माझ्याच लेकीला मी माझं तेल लावलं न्हाई, तर उद्या गाव काय म्हनंल? घरातच पत न्हाई म्हनंल." आणि मला तेल कोमट करायला सांगितलंत.

मी केलं नाही. तुम्हाला वाटलं होतं मी उठेन. मग स्वतःच चूल पेटवलीत. उभ्या जन्मात एकदा चूल पेटवलीत, आणि ती त्यासाठी.

मी खोटं बोलणार नाही. तेलानंच सरजा अधू झाली, असं वैद्यबुवाही म्हणत नाहीत. दुखणंच तसलं, म्हणाले, कुणाला सोडतं, कुणाला धरून ठेवतं. पण सुटायची एक वाट होती, आणि त्या वाटेवर तुम्ही बरणी आडवी ठेवलीत. गाव काय म्हणेल म्हणून. गावानं काय म्हटलं मग? "आप्पांनी लेकीसाठी किती केलं, पण तिचं नशीब." तुमची पत राहिली. पोरीचे पाय गेले.

जावयानं दिवाळीपर्यंत वाट बघितली आणि दुसरी केली. पोरगं त्यांनी ठेवून घेतलं. आता ते मिसरूड फुटलेलं असेल. चाकणच्या बाजारात आईला धक्का मारून गेलं तरी ओळखणार नाही, कारण आई बाजारात जाऊ शकत नाही. सरजा घरात सरकत सरकत फिरते. वाकड्या बोटांत काही ठरत नाही, म्हणून दोन्ही तळव्यांत वांगं दाबून विळीवर चिरते. कुणी मदतीला गेलं तर खवळते. तो गुण माझा.

पुढं पुढं तुमची एक नवीच तऱ्हा सुरू झाली. कुणी सुजलेला, तापलेला गुडघा घेऊन आला की त्यावर तळवा ठेवायचात, जीभ काढ म्हणायचात, आणि मग सांगायचात, "तेल संपलंय रं. पुढल्या अमावास्येला ये. तवर सुंठीचं पानी पी, दही खाऊ नगं." आणि आत बरणी गळ्यापर्यंत भरलेली. मला वाटलं, म्हातारा चिकट झाला. एकदा बोललेही, "भरल्या बरणीला संपलंय म्हणता?" तुम्ही म्हणालात, "तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. तुम्ही काय बघत होतात, ते मला आता कळलं.

फडताळाला कुलूप लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चाकणहून येणाऱ्या एस.टी.त बसले, कासारवाडीला उतरले, तिथनं टांगा करून चिंचवडला गेले. वैद्यबुवा आता फार थकलेत, पण नजर तीच. मी नाव सांगायच्या आधी म्हणाले, "मोशीचं तेल." मी इंदूचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अंगावर पाजणारी बाई आहे म्हणून एरंडेल किती बेतानं द्यायचं ते सांगितलं, पेज कशी, मुगाचं कढण कसं, शेक कधी, सगळं सांगितलं. आणि मग सहज म्हणाले, "तुम्हाला हे नवं कशाला सांगायला पाहिजे? तुमचे यजमान येऊन गेले होते की. ह्याच ओट्यावर बसले होते. आमवात ओळखायचा कसा, तेल कुठं लावायचं नाही, खोदून खोदून विचारून गेले. तुम्हाला बोलले नाहीत?"

मी म्हटलं, "बोलले असतील. माझंच ध्यान नसंल."

बघा. नवऱ्याची लाज झाकायची सवय बाई मरेपर्यंत जात नाही. तुम्ही मेलात तरी माझी गेली नाही.

परतताना टांग्यात मला सगळं उलगडलं. संपलंय, संपलंय, संपलंय. तुम्ही नाकारत नव्हतातच, नाही का? नुसतं संपलंय म्हणत होतात. बैराग्याची अटही राहिली, परक्यांचे पायही राहिले, तुमचं नावही राहिलं. केवढी ही हुशारी. पण का संपलंय, ते एका माणसाला सांगितलं नाहीत. एक शब्द बोलला असतात, आप्पा. "सुजल्या गुडघ्याला माझं तेल चालत नाही." एवढंच तर वाक्य आहे. माझ्यासारख्या अडाणी बाईला लिहिता आलं. तुम्हाला बोलता का आलं नाही?

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून तुमचा मुलगा तुमच्याच बरणीसाठी आईशी भांडायला लागला.

मी घरी येऊन नदीची वाळू चाळली, धुऊन वाळवली, तव्यावर तापवली, फडक्यात बांधली. इंदूला शेक सुरू केला. लाडू बंद, तूप बंद, दुपारची झोप बंद, प्यायला ऊन पाणी. शंकरनं पिंपरीहून डॉक्टरला आणलं. त्यांनी छाती ऐकली, गोळ्या दिल्या, पडून राहा म्हणाले. मी त्यांनाही ना म्हटलं नाही. कुणाच्याही हातानं गुण येवो, मला पोरीचे पाय पाहिजेत, नाव नकोय.

गावात मात्र माझं नाव छान झालं. विहिरीवर एक जण दुसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हातारा लोकांना वाटायचा, अन् म्हातारी सुनेला थेंब देत न्हाई." मी म्हटलं, "व्हय गं बाई, सगळं तेल मीच पिते. म्हणून तर जीभ अशी गुळगुळीत चालती." ती गप बसली. पण सगळ्यांना कुठवर गप बसवणार?

मग इंदूची आई आली चाकणहून. हातात लाडवांचा डबा.

"काय वं विहीणबाई, बाळंतिणीला पेजेवर ठेवलीया? आमच्याकडं म्हैस व्याली तरी तिला गूळ घालत्यात."

"तुमची म्हैस आजारी हाय का?"

"न्हाई."

"माझी सून हाय."

"दूध आटंल पोराचं."

"दूध हाय. पोरगं रडतंय का? गुडघ्यावर हात ठेवून बघा लेकीच्या, मग लाडवाचं बोला."

तिनं हात ठेवला, आणि झटकन काढला. तरी डबा खाली ठेवला नाही. तिचंही चुकत नाही. बाळंतपणात लाडू आणि तेल, ह्यापलीकडं माया दाखवायची दुसरी रीत आपल्याला कुणी शिकवली आहे? इंदूच्या जागी मी असते तर माझ्या आईनंही तेच केलं असतं. सरजाला मीही लाडू भरवलेच होते. वैद्यबुवा येऊन सांगेपर्यंत मला काय माहीत?

असं होता होता काल तुमचं श्राद्ध आलं. पाहुणे जमले. येताना निम्म्या लोकांच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या. आप्पांच्या नावानं थोडं तेल मिळेल म्हणून. पानं मांडायच्या आधी शंकर सगळ्यांदेखत माझ्यापुढं आला.

"आई, चावी दे. आज आप्पांचा दिस हाय. पहिलं तेल इंदूला लावू, मग लोकांना देऊ."

"देत न्हाई."

"आप्पांनी उभ्या जन्मात कुणाला न्हाई म्हटलं न्हवतं."

मी काय बोलणार होते? सांगायचं ठरवलं असतं तर तुमचं सगळंच सांगावं लागलं असतं. तुमच्या श्राद्धाला, तुमच्या पाहुण्यांपुढं. मी कनवट घट्ट धरून उभी राहिले. एवढी वर्षं माझी जीभ गावाला ठाऊक आहे, आणि काल ती टाळ्याला चिकटली.

"ते तेल आप्पांचं हाय, तुझं न्हाई," शंकर म्हणाला. तुमचाच मुलगा. आवाजसुद्धा तुमचा. मागनं इंदूची आई म्हणाली, "द्या की बाई. लेकरू तळमळतंय." पाहुण्यांतनंही कुणीतरी हुंकार भरला. मला वाटलं, आता हा फडताळाचं कुलूप तोडणार.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातनं सरजा सरकत बाहेर आली. चार माणसांत ती कधी येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

"शंकर, चावी मागू नको," ती म्हणाली.

"आक्का, तू मधी पडू नको."

"मी मधी न्हाई पडत. आप्पाच सांगून गेलेत. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, मी पायाशी बसले होते तवा. म्हणाले, तुला लावाया नको होतं, पोरी. सुजल्या गुडघ्याला तेल चालत न्हाई, मला मागनं कळलं. माझं चुकलं म्हणाले."

शंकर म्हणाला, "मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"कुणाला सांगू नको म्हणाले होते."

आणि ती सरकत इंदूच्या अंथरुणापाशी गेली. आपले दोन्ही वाकडे हात तिच्या मांडीवर ठेवले. "इंदे, हे बघ. आप्पांच्या मायेत कमी नव्हती. तरी हे असं झालं. तुला तेल लावू द्यायचं का न्हाई, ते तू सांग. नवऱ्याला इचारू नको, आईला इचारू नको."

इंदूनं हातांकडं बघितलं. फार वेळ नाही. म्हणाली, "आत्याबाई, शेकाची पुरचुंडी थंड झाली. दुसरी तापवा."

शंकर बाहेर जाऊन रांजणापाशी उभा राहिला. पाठ वळवून. पाहुण्यांनी बाटल्या पिशवीत खाली सारल्या. इंदूच्या आईनं थोडा वेळ डब्याकडं बघितलं, मग लाडू पंगतीत वाढून टाकले. चांगले झाले होते, खोटं का बोलू.

तेव्हा सरजाला सांगितलं होतंत तर. तिला सांगितलंत, वैद्याला विचारलंत, आणि मला काय? एका चुलीवर आयुष्य काढलं आपण. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुमचं सगळं मी केलं, तोंड पुसलं, कूस बदलली. तुम्ही माझ्याकडं बघायचात आणि डोळे मिटायचात. मला वाटायचं, दुखतंय. तुम्ही भीत होतात का मला? मी काय बोलले असते? बोलले असते, हे खरं. पण ऐकून घ्यायला नको होतं का तुम्ही?

आणि तिला तरी काय दिलंत? माफी मागितलीत, आणि त्याच श्वासात तिच्याच तोंडाला कुलूप घातलंत. पाय गेले ते गेले, वर तुमची लाज सांभाळायचं कामही तिलाच. ती अशी पोरगी की तेही करत बसली. सून घरात सुजून पडली होती, मी रोज भांडत होते, आणि ही विळीवर मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, जुनं आठवून गप आहे. ती तुम्हाला दिलेला शब्द गिळत होती. काल तिनं तो मोडला. तुमच्या श्राद्धाला याहून चांगलं दान कुणी केलं नसेल.

पाहुणे गेल्यावर ती मलाच म्हणाली, "आई, आता आप्पांना बोलू नको. मायेनं लावलं त्यांनी."

मायेनं लावलं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर राग जात नाही. वैऱ्यानं लावलं असतं तर त्याच्या दाराशी जाऊन बोटं मोडून आले असते आणि मोकळी झाले असते. तुमच्यापुढं बोटं मोडायला तुम्ही नाहीत. आणि समजा असतात, तरी तुमचा चेहरा बघून मी काय केलं असतं? बहुतेक चहाच ठेवला असता. त्याचाही मला राग येतो.

सरजानं तुम्हाला माफ केलंय. तो तिचा प्रश्न. मी केलेलं नाही, आणि एवढ्यात करीन असं वाटत नाही. वाट बघू नका.

इंदूचं विचाराल तर ताप उतरलाय. घोट्यांची सूज ओसरतेय, गुडघा अजून अडून आहे. आज सकाळी तिनं आपणहून म्हटलं, "भाकरी खावीशी वाटती." वैद्यबुवांनी हेच सांगितलं होतं, भूक लागली की समजा आतलं पचायला लागलं. मी अर्धी भाकरी कढणाबरोबर दिली. भिंतीला धरून ती उभी राहिली, पोराकडं बघून हसली आणि परत बसली. पुढं ती चालेल की बसून राहील, मला माहीत नाही. तुमच्यासारखी छाती ठोकून मी कुणाला काही सांगत नाही. सूज पुरती उतरली तर वैद्यबुवांना विचारून तुमचं तेल तिला लावीन. तेही मीच लावीन.

आता माझा शब्द ऐका. दसऱ्याच्या आधी निगडीचा पाला चांगला भरतो. मी जाऊन तोडीन, शंकरला कुटायला बसवीन, आणि कढई चढवीन. तेल होईल. ज्याचे गुडघे कोरडे, वाजणारे, म्हातारे, त्याला बदल्यात काही न घेता देईन. तुमची तेवढी अट मला मान्य आहे. पण सुजलेला, तापलेला, जिभेवर थर घेऊन कुणी आला, मग तो पाटील असो की माझा सख्खा भाऊ असो, त्याला तोंडावर नाही म्हणायचं. संपलंय म्हणायचं नाही. आणि का नाही, ते सांगायचं. तुमचं नाव घेऊन सांगायचं, तुमचं चुकलं त्यासकट. तुमची पत गेली तर जाईल. माझी कधी होतीच कुठं?

जीभ बघायला आणि गुडघ्यावर हात ठेवायला सरजा बसणार आहे. बोटं वाकडी असली म्हणून काय झालं, चटका तर कळतो. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "लोक माझ्याकडं बघतील." मी म्हटलं, "बघू देत. त्यांना बघायलाच बसवतेय." त्यावर म्हणाली, मग लुगडं धुतलेलं पाहिजे.

ती बसेल. कुणी विचारलं, आप्पांच्या दारात नकार कसा, तर मी सांगेन, हे दार आता सरजाचं आहे.

सरजाची आई